पाडलंस तर पोचव

मुलगा काय करतो असं कुणी विचारलं, की आई सांगायची, "बॉल खेळतो." कुठला बॉल, हे तिनं कधी सांगितलं नाही, कारण तिलाही ते नीट ठाऊक नव्हतं. मी अमेरिकन फुटबॉल खेळायचो. म्हैसुरात, आणि चक्क पगार घेऊन. हसू येत असेल तर खुशाल हसा. माझे सासरे लग्नाच्या बैठकीतच हसले होते आणि तरी त्यांनी मुलगी दिली.

आम्ही म्हैसूरचे जुने मराठी. पूर्वज रंगारी होते, कापड रंगवायचे, त्यावर ठसे मारायचे. आता घरात रंगाचं एक पातेलंही उरलेलं नाही. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, शिलाईच्या सामानाचं दुकान आहे. दोरे, बटणं, अस्तर, चेन. घरात आम्ही मराठीत सुरू करतो आणि वाक्य संपेपर्यंत कन्नडमध्ये पोचलेले असतो. बायको साताऱ्याची. नोकरीसाठी इथे आली, जयलक्ष्मीपुरमला मैत्रिणींबरोबर भाड्यानं राहायची. तिचं म्हणणं, तुमच्या घरात नुसतं जेवायला वाढायचं तरी दोन भाषा याव्या लागतात. खरंच आहे ते. रागावल्यावर मात्र अप्पा शुद्ध मराठी बोलतात, आणि तेव्हा सगळ्यांनी सावध राहायचं असतं.

दुकान हा अप्पांचा पोटाचा धंदा. जीव गरडीत. गरडी म्हणजे आमच्याकडची तालीम: लाल माती, कोपऱ्यात हनुमंताची तसबीर, भिंतीला टेकवलेली करेलं, म्हणजे फिरवायचे जड लाकडी मुद्गल. सकाळी दुकान उघडण्याआधी अप्पा तिथे पोरांना कुस्ती शिकवायचे, अजूनही शिकवतात. स्वतः खेळणं त्यांचं तरुणपणीच संपलं. सरगूरकडच्या एका जत्रेत कुस्ती चालू असताना ते मानेवर पडले. जगले हे नशीब, पण तेव्हापासून त्यांची मान फिरत नाही. डावीकडे बघायचं तर सगळं अंग डावीकडे वळवावं लागतं. लहानपणी मला वाटायचं, सगळेच वडील असे बघतात. शाळेत जायला लागल्यावर कळलं की नाही.

त्यामुळे त्यांच्या गरडीत एकच नियम वज्रलेप होता. पाडलंस तर पोचव. समोरच्याला उचललंस, फिरवलंस, खाली घातलंस, सगळं ठीक. पण त्याची पाठ मातीला लागेपर्यंत तुझा हात त्याच्यावरून सुटता कामा नये. मान आधी जातेय असं दिसलं, तर डाव गेला खड्ड्यात, आधी मान धरायची. दुसऱ्या तालमीतले पैलवान आम्हाला चिडवायचे की तुमच्याकडे कुस्ती शिकवतात का बाळंतपण? अप्पा ऐकून घ्यायचे आणि आम्हाला पुन्हा तेच करायला लावायचे. मी चालायला लागल्यापासून त्या मातीत होतो. हा नियम मला कुणी समजावून सांगितला असेल, असं वाटत नाही. तो हातातच बसला.

कुस्तीत मी बरा होतो. बरा म्हणजे दसऱ्याच्या कुस्त्यांत दुपारी, उन्हात, माणसं जेवायला गेलेली असताना लढणारा. पुढे एका जिममध्ये ट्रेनर झालो. तिथे एक दिवस एक अमेरिकन माणूस आला आणि वजनं उचलायची सोडून माणसांकडेच बघत बसला. नंतर कळलं, नवी लीग निघतेय, म्हैसूरचा संघ त्याच्याकडे आहे आणि तो धिप्पाड पण पळू शकणारी माणसं शोधत हिंडतोय. मी सहा फुटांच्या वर आणि अंगानं तसाच. त्यानं मला पळायला लावलं, एक लांबोडका चेंडू फेकून झेलायला लावला, आणि म्हणाला, तू टाइट एंड. मला वाटलं शिवी दिली.

टाइट एंड म्हणजे काय, हे मी इतक्या लोकांना सांगितलंय की झोपेतही सांगेन. या खेळात चेंडू फेकणारा एक असतो, क्वार्टरबॅक. त्याच्यापुढे धटिंगणांची भिंत असते, ती समोरच्यांना अडवते. लांब कडेला चपळ पोरं असतात, ती पळतात आणि चेंडू झेलतात. टाइट एंड या दोघांच्या मधला. भिंतीच्या टोकाला उभा राहतो, आधी अडवतो, आणि सांगितलं असेल तरच सटकून झेलायला जातो. अडवणाऱ्यांना तो नाजूक वाटतो आणि झेलणाऱ्यांना ठोंब्या. बायकोनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे लग्नातल्या मामासारखा. मुलीला बोहल्यापर्यंत आणायचं नि बाजूला व्हायचं, फोटोत कोपऱ्यात. तेव्हापासून आमच्याकडे टाइट एंडला मामा म्हणतात.

मी जिमची नोकरी सोडली तेव्हा अप्पा काही बोलले नाहीत. खेळाचा नियम कळल्यावर मात्र बोलले. या खेळात अडवताना समोरच्याला धरायचं नसतं. उघड्या तळव्यांनी ढकलायचं, छातीवर रेटायचं, पण बोटं मिटून त्याचा कपडा किंवा अंग पकडलं, की पंच पिवळा रुमाल टाकतो आणि सगळा संघ दहा यार्ड मागे जातो. अप्पांना हे पटेचना. हात दिलेत देवानं आणि धरायचं नाही, मग हात कशाला, आरती ओवाळायला? एवढं म्हणून ते दुकानात गेले आणि तिसरा हंगाम संपत येईपर्यंत माझा एकही सामना बघायला आले नाहीत.

त्यांचं सोडा, माझ्या हातांनाच ते पटत नव्हतं. पहिल्या हंगामात मी जेवढे रुमाल पाडून घेतले तेवढे अख्ख्या संघानं मिळून घेतले नसतील. समोरचा अंगावर आला की माझी बोटं आपोआप मिटायची. कोचनं माझ्या दोन्ही मुठींत टेनिसचे चेंडू दिले आणि सराव करायला लावला. हातात चेंडू असला की धरता येत नाही. महिनोन्‌महिने मी मुठीत चेंडू घेऊन माणसं ढकलत होतो. घरीही घेऊन बसायचो, तर आई म्हणायची, अय्यो, हे काय लहान पोरासारखं. आधी त्या सवयीचा राग यायचा, मग कोचचा, मग सगळ्यांचाच. मी तापट आहे, हे काही लपवून ठेवण्यासारखं नाही. आमची गल्ली जाणते.

हळूहळू हात सुधारले. तिसऱ्या हंगामात मी चांगला अडवणारा झालो होतो. लीगमधल्या इतर संघांचे लोक माझ्या बाजूनं यायचं टाळायचे. पण चेंडू माझ्याकडे येत नव्हता. कोच मला अडवायलाच उभा करायचा. अमेरिकेत म्हणे टाइट एंडच्या नावाचे शर्ट पोरं घालतात. मी सामना संपवून यायचो तेव्हा दुकानापलीकडचा चहावाला विचारायचा, आज खेळलास की नुसता उभा होतास? बोटं सुजलेली, एक खांदा कायमचा दुखरा, गुडघ्याला पट्टा, आणि वर हे. माझी एकच इच्छा होती. एकदा चेंडू माझ्यासाठी फेकला जावा, मी तो झेलावा आणि टोकाच्या रेषेपलीकडे नेऊन गुण मिळवावे. आणि पुढचा हंगाम मिळावा. तिशी उलटली होती. हा संघ सुटला तर दुसरा कोणी मला घेणार नव्हता, हे मलाही कळत होतं.

शेवटच्या सामन्याआधी कोचनं मला बाजूला घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. सरळ बोलायचा, आणि आमच्याकडच्या गोडबोल्या माणसांपेक्षा ते मला परवडायचं. म्हणाला, पुढच्या वर्षी दोनच टाइट एंड ठेवणार, एक ठरलाय, दुसरं तुझ्या आणि आणखी एकाच्या मध्ये अडकलंय. तुझं अडवणं त्याच्याहून चांगलं, पण तुझे हात ऐन वेळी मिटतात. उद्या एक जरी रुमाल तुझ्यामुळे पडला, तर पुढचा हंगाम नाही. आणि नाही पडला, तर उद्या एक चेंडू मी तुझ्यासाठी ठेवलाय. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, आईला सांगितलं. अप्पा शेजारच्या खोलीत दोऱ्यांची रिळं रंगांप्रमाणे लावत होते. त्यांनी ऐकलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी ते बायकोबरोबर मैदानावर आले.

छत्री घेऊन आले होते, आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट. बायकोनं त्यांना कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. चेंडू मैदानाच्या ज्या टोकाला जाईल, ते अख्खी खुर्ची उचलून त्या दिशेला वळवायचे, कारण मान वळत नाही. शेजारचे लोक बघत होते. बायको नंतर म्हणाली, सामन्यापेक्षा मला खुर्चीचंच टेन्शन होतं.

माझ्यासमोर उत्तरेकडचा एक कबड्डीपटू होता. नवा, विशीतला, जोरकस. दिवसभर आम्ही एकमेकांवर आदळत होतो. माझे हात उघडे होते. रुमाल पडला नाही. मी मनात म्हणत होतो, आज बोटं मिटली तर तोडून टाकीन. शेवटचे काही सेकंद उरले तेव्हा आम्ही थोड्याशा गुणांनी मागे होतो आणि चेंडू त्यांच्या रेषेच्या अगदी जवळ. एकच डाव उरला होता. कोचनं माझ्याकडे बघून बोट वर केलं. तोच चेंडू, माझ्यासाठी ठेवलेला.

डाव साधा होता. मी आधी त्या पोराला अडवायचं, इतकं की सगळ्यांना वाटावं हा मामा अडवायलाच उभा आहे. मग त्याला सोडून मैदानाच्या कोपऱ्याकडे सटकायचं. मी सटकणार त्या क्षणी क्वार्टरबॅक न बघताच कोपऱ्यात चेंडू फेकणार. तिथे माझ्याशिवाय कुणी नसणार.

डाव सुरू झाला. पोरगा आला, मी त्याच्या छातीवर तळवे रोवले आणि सगळा जोर लावून मागे रेटला. आता सोडायचं आणि पळायचं. पण त्याच्यामागे आमचाच एक माणूस आडवा पडला होता. पोराचा पाय त्याला अडकला. दोन्ही पाय वर गेले आणि तो मागे, डोक्यावर चालला. हेल्मेट घातलेलं जड डोकं आणि त्यावर सगळं अंग येणार. मला मान दिसली, एवढंच.

माझी बोटं मिटली. एक हात त्याच्या छातीच्या पॅडमध्ये आणि दुसरा मानेखाली. मी त्याच्याबरोबर गुडघ्यावर आलो आणि त्याची पाठ टेकवली. टेकल्यावरच सोडलं. यात विचार बिचार काही नव्हता. लोकांनी नंतर मला काहीबाही मोठं म्हटलं, पण खरं सांगतो, सुचायला वेळच नव्हता.

वर बघितलं तेव्हा चेंडू कोपऱ्यात उतरत होता. जिथे मी असायला हवं होतं, अगदी तिथेच. इतका सुंदर चेंडू माझ्यासाठी तीन वर्षांत कुणी फेकला नव्हता. रिकाम्या गवतावर पडला, दोनदा उडाला आणि बाहेर गेला. माझ्या शेजारी पिवळा रुमाल पडलेला होता. समोरच्यांना तो दंड घ्यायचीही गरज पडली नाही, कारण सामना तसाच संपला होता आणि आम्ही हरलो होतो.

कोच ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. पोरगा हेल्मेट घालून होता, पडायला शिकलेला होता, त्याचं त्यानं बघून घेतलं असतं, मला माणूस कोपऱ्यात हवा होता. एवढंच बोलला आणि हात मिळवला. त्या हात मिळवण्यातच मला कळलं की संपलं. मी हेल्मेट काढून बाकावर बसलो. मला त्या पोराचा राग आला, आडव्या पडलेल्या आमच्या माणसाचा राग आला, आणि खुर्चीवरच्या अप्पांचा तर सगळ्यांत जास्त.

अप्पा खुर्चीवर नव्हतेच. छत्री बायकोकडे देऊन ते मैदान ओलांडून पलीकडच्या संघाकडे गेले होते. तो पोरगा बाटलीतून पाणी पीत बसला होता. अप्पांनी त्याला काही विचारलं नाही, भाषाही जुळत नव्हती. त्याच्या मागे उभे राहिले, दोन्ही अंगठे त्याच्या मानेवर ठेवले, दाबून बघितलं. मग हनुवटी धरून मान डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली. तो बिचारा गोंधळून बसून राहिला, म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार. त्यांच्या फिजिओनं हटकलं तरी अप्पांनी आपलं काम पुरं केलं. मग परत आले आणि मला म्हणाले, "फिरते."

मी हेल्मेट उचललं आणि स्कूटरकडे चालू लागलो. स्कूटरवर मागे बसून ते घरापर्यंत आले. घरात पाऊल ठेवलं आणि माझा ताबा सुटला. आई पाणी घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली.

"तुमच्यामुळे गेलं माझं सगळं," मी म्हणालो. "तीन वर्षं मी हे हात उघडे ठेवायला शिकलो. तुमचं ते पोचव पोचव एका मिनिटात मध्ये आलं. ज्यानं तुम्हाला आपटलं त्याचा सूड माझ्या हातांवर कशाला?"

अप्पा खुर्चीवर बसले. मग नेहमीसारखे सगळ्या अंगानं माझ्याकडे वळले.

"त्यानं आपटलं नाही रे," ते म्हणाले. शुद्ध मराठीत म्हणाले, पण रागानं नाही. "आम्ही मातीच्या कडेला गेलो होतो. त्यानं मला उचललं होतं आणि पंचांनी शिट्टी मारली. शिट्टी झाली की सोडायचं. त्यानं सोडलं. नियमानंच सोडलं."

हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. आईलाही नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. आम्ही सगळे तो दुसरा पैलवान दुष्ट होता असं समजून चाललो होतो, लहानपणी मी त्याला मनातल्या मनात कितीदा पाडलं होतं. माझा राग काही लगेच गेला नाही, खोटं कशाला बोलू. पण तो ठेवायला जागा राहिली नाही. आईनं पाणी माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, साकु आता, पुरे झालं, जेवायला बसा. जेवण झालं.

दुसऱ्या दिवशी संघाकडून निरोप आला. दुसऱ्याला ठेवलं होतं. माझी कारकीर्द एवढीच, तीन हंगाम, आणि माझ्यासाठी फेकलेला एक चेंडू जो मी झेलला नाही. वाईट वाटलं. अजूनही वाटतं, विशेषतः संध्याकाळी एखाद्या मैदानाच्या कोपऱ्यावर ऊन उतरलेलं दिसलं की. बायको अशा वेळी मामा म्हणून हाक मारत नाही, ते मी ओळखतो.

आता मी एका शाळेत खेळ शिकवतो आणि सकाळी अप्पांबरोबर गरडीत जातो. अप्पांना फोनवर सामने बघायची नवी खोड लागली आहे. सगळे नाहीत. त्या कबड्डीवाल्या पोराचा संघ असेल तेवढेच. खेळ त्यांना अजूनही कळत नाही, धावा किती झाल्या असं विचारतात, आणि मी सांगायचं सोडून दिलंय. दुकानात गिऱ्हाईक नसलं की आम्ही दोघं काउंटरमागे बसतो, फोन दोऱ्यांच्या डब्याला टेकवून त्यांच्या तोंडासमोर ठेवतो.

डाव संपतो. तो पोरगा हेल्मेट काढतो, कुणीतरी मागून हाक मारतं, आणि तो पाय न हलवता नुसती मान वळवून मागे बघतो. अप्पा माझ्या गुडघ्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, "बघ."

मी बघतो.